घोडेस्वारीच्या उन्हाळी शिबिरात मुलीचे पहिले चार दिवस

मार्च संपत आला की पुण्याच्या आसपासच्या घोडेस्वारीच्या शाळांमध्ये पालकांचे फोन सुरू होतात आणि त्यांतला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: ‘दहा दिवसांत मुलगी घोडा पळवायला शिकेल ना?’ नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या निवासी शिबिरांत मदतनीस म्हणून मी बरेच उन्हाळे काढले आहेत. त्या अनुभवावरून सांगायचे, तर पहिल्या चार दिवसांतला निम्म्याहून अधिक वेळ मुलीने घोड्याच्या पाठीवर नव्हे, तर त्याच्या शेजारी जमिनीवर घालवायला हवा. तिसऱ्याच दिवशी मुलींना भरधाव सोडून त्याची चित्रफीत पालकांना पाठवणाऱ्या शिबिरापासून चार हात लांब राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव नोंदवताना दोनच गोष्टी नीट विचारून घ्याव्यात: नवशिक्या मुलीच्या घोड्याचा दोर धरायला पहिले काही दिवस स्वतंत्र माणूस असतो का, आणि मुलींच्या निवासात रात्री कोण जबाबदार बाई असतात. मैदान किती मोठे आहे आणि घोडे किती देखणे आहेत, हे प्रश्न मागाहून विचारले तरी चालतात.

निघण्यापूर्वी

सामानाची यादी शिबिराकडून येतेच, त्यामुळे तीत सहसा नसलेल्या गोष्टीच येथे सांगते. जीन्स देऊ नये, कारण मांडीच्या आतल्या बाजूची जाड शिवण खोगिरावर घासून तासाभरात कातडी सोलवटते. पहिल्या शिबिरासाठी महागडी जोधपुरी (घोडेस्वारीची खास विजार) घेण्याचीही गरज नसते. जाडसर कापडाच्या, घोट्यापर्यंत येणाऱ्या लेगिंग्ज पुरतात. बूट घोटा झाकणारा, साध्या तळव्याचा, पण अर्धा-पाऊण इंच टाच असलेला हवा. टाचेमुळे पाऊल रिकिबीतून (खोगिराला लटकणाऱ्या, पाऊल ठेवायच्या कड्यातून) आरपार जात नाही, आणि पडताना पाय रिकिबीत अडकणे हा या खेळातला सर्वांत वाईट अपघात आहे. खोल नक्षीच्या तळव्याचे ट्रेकिंगचे बूट रिकिबीत अडकतात, म्हणून ते नकोत.

सायकलचे किंवा दुचाकीचे हेल्मेट येथे चालत नाही. घोडेस्वारीचे हेल्मेट डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकते. पट्टा न लावता मान खाली घालून डोके हलवले, तरी ते जागेवरून सरकता कामा नये. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले, तरी बाद समजावे. केसांची वेणी मानेलगत खाली घालावी, कारण उंच बांधलेले केस हेल्मेटखाली मावत नाहीत. डूल, बांगड्या आणि अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. आपल्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात 10 आणि 16 व्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्प यांवरची) लस सांगितली आहे. ती राहून गेली असेल, तर निघण्यापूर्वी टोचून घ्यावी. मुलीला दमा असेल किंवा धुळीचा त्रास होत असेल, तर ते आधी कळवावे, कारण वाळल्या गवताची धूळ आणि घोड्याच्या अंगावरचा कोंडा यांपासून तबेल्यात सुटका नसते. पाळी सुरू झालेली नसली, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या पिशवीत पॅड अवश्य ठेवावेत आणि त्या दिवसांत घोड्यावर बसल्याने काही बिघडत नाही, मात्र नको वाटले तर बाईंना तसे सांगून टाकायचे, हे आईने तिला आधीच मोकळेपणी सांगावे. हे न सांगितल्यामुळे पोटदुखीचे निमित्त काढून दोन-दोन दिवस खोलीत बसून राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पहिली सकाळ

शिबिरातला दिवस साडेपाचला सुरू होतो, कारण साडेआठनंतरचे ऊन घोड्यालाही सोसत नाही. मुली डोळे चोळत तबेल्यापाशी येतात आणि समोरचा प्राणी चित्रातल्यापेक्षा फारच मोठा आहे, हे त्यांना तेथे पहिल्यांदा कळते. चारशे किलोंच्या जनावराची भीती वाटणे हे शहाणपणाचेच लक्षण असल्यामुळे, ‘घाबरायचे काय त्यात?’ असे कोणी म्हणू नये. त्याऐवजी घोडाही भित्राच असतो, हे तिला समजावून द्यावे. रानात तो दुसऱ्यांचे भक्ष्य होता आणि पळून जाणे हेच त्याचे संरक्षण होते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांत दिसते. फक्त कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे समोरून सरळ किंवा मागून न जाता, तिरक्या वाटेने, त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जावे. काय बोलावे, याला महत्त्व नाही. एक मुलगी दर सकाळी सतराचा पाढा म्हणत जायची आणि तिची घोडी पाढा ऐकून कान टवकारायची.

कानांकडे लक्ष ठेवायला पहिल्याच दिवशी शिकावे. कान पुढे असले की त्याचे लक्ष तिकडे आहे. सैलसर बाजूला पडलेले असले की तो निवांत आहे. मानेला चिकटून मागे गेले की आपण मागे सरायचे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात आणि त्यांची टोके एकमेकांना भिडतात, त्यामुळे त्यांचे कान वाचायला थोडा सराव लागतो. पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवावा, नाकावर नव्हे.

म्होरकीचा (घोड्याच्या तोंडावर बांधलेल्या पट्ट्यांचा) दोर हाताला कधीही गुंडाळू नये. उरलेला दोर घड्या घालून मुठीत धरावा, म्हणजे घोडा बिचकला तर तो सोडून देता येतो. हे वाक्य मी शिकणाऱ्या वयात शंभरदा ऐकले होते, आणि तरीही एका दुपारी सवयीने दोराचे दोन वेढे बोटांभोवती घेतले. मागे कुठेतरी पत्रा वाजला, घोडी उसळली आणि माझ्या उजव्या हाताची करंगळी आजही पुरती मिटत नाही. घोड्याने पायावर पाय दिला, तर आपला पाय ओढत बसू नये. त्याचा खांदा ढकलावा, म्हणजे तो भार दुसरीकडे घेतो.

त्यानंतर खरारा. नवशिक्यांना हे घरकाम वाटते, पण घोड्याची ओळख खऱ्या अर्थाने येथेच होते. रबरी खरारा मानेपासून मागे गोल-गोल फिरवत न्यावा. गुडघ्याखालच्या हाडांवर तो वापरू नये, तेथे मऊ ब्रश पुरतो. खोगीर आणि तंग (खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा) जेथे बसणार, तेथली वाळलेली माती हाताने चाचपून काढावी, कारण तेथे राहिलेला एक खडासुद्धा स्वाराच्या वजनाखाली जखम करतो.

मग खूर. मुलगी घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी, शेपटीकडे तोंड करून उभी राहते. डावा हात खांद्यावरून खाली, गुडघ्याच्या मागून नळीपर्यंत सरकवते आणि नळीच्या मागची शीर हलकेच दाबते. काही क्षण काहीच होत नाही. ती मामांकडे पाहते. (घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांना आता सगळेच सईस म्हणतात, पण मुलींनी त्यांना मामा किंवा काका म्हणण्याची रीत आमच्याकडे अजून टिकून आहे.) मामा नुसती मान हलवतात. ती पुन्हा दाबते, आणि कण्हल्यासारखा एक सुस्कारा सोडून घोडा तो जडशीळ पाय तिच्या तळहातावर देऊन टाकतो. आकड्याने टाचेकडून पुढच्या दिशेने माती काढायची, मधल्या त्रिकोणी मऊ भागाला न टोचता, आणि नालेत अडकलेला खडा सुटला की पाय आपटू न देता खाली ठेवायचा. चारही खूर झाले की मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पुढे कँटर (मध्यम वेगाची दौड) आल्यावरही दिसत नाही.

घरून आणलेली बिस्किटे घोड्याला चारू नयेत. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेली नको ती वस्तू बाहेर पडायला मार्ग नसतो आणि साधा वाटणारा पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. मामांनी परवानगी दिली, तर गाजराचा तुकडा उघड्या, सपाट तळहातावर ठेवून द्यावा.

खोगीर आणि मांड

दुसऱ्या दिवशी खोगीर चढते. ते थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस चापून बसतात. तंग आणि पोट यांमध्ये दोन बोटे जेमतेम जावीत. पण तंग आवळताना पोट फुगवून धरणारे अट्टल घोडे प्रत्येक तबेल्यात एक-दोन असतातच, म्हणून चार पावले चालवून तो पुन्हा तपासावा. रिकिबीची लांबी जमिनीवरूनच अजमावता येते: बोटांची टोके खोगिराच्या कडीला लावली, तर ताणलेली रिकीब काखेपर्यंत यावी. चढायचे डावीकडून. पूर्वी डाव्या कमरेला तलवार असे आणि उजवीकडून चढताना ती पायांत येई. तलवार गेली, रीत राहिली. चढण्यासाठी चौथरा असेल तर तो वापरण्यात कमीपणा नाही, कारण त्यामुळे घोड्याच्या पाठीला हिसका बसत नाही.

सुरुवातीला घोडा लांब दोरावर गोल फिरवतात आणि मुलीच्या हाती लगाम देत नाहीत. यावर मुली हिरमुसतात, परंतु लगाम हा तोल सावरण्यासाठी धरायचा दांडा नव्हे, हे त्याशिवाय अंगात मुरत नाही. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत, टाच खाली, नजर घोड्याच्या कानांच्या पलीकडे. चालत्या घोड्यावर डोळे मिटून त्याची पावले मोजायला सांगावी: चालीत चार ठोके येतात, दुडकीत दोन, कँटरमध्ये तीन. ज्या मुलीला हे ठोके बुडाखाली जाणवू लागतात, तिला दुडकीच्या तालावर उठायला-बसायला फारसे शिकवावे लागत नाही. मांड पक्की होते ती ताकदीने घोडा आवळून नव्हे, तर सैल राहून.

ताकदीचा विषय निघाला म्हणून सांगते. घोडेस्वारीत स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे (घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमकेपणाने करून घेण्याच्या प्रकाराचे) सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय चमूत दोन मुली होत्या, त्यांतली सुदीप्ती हजेला इंदूरची. मग मुलींचे शिबिर वेगळे कशाला? माझ्या पाहण्यात मिश्र तुकडीत मुली घोड्याला पाणी पाजण्यात गुंततात आणि मुलगे आधी चढून बसतात, एवढेच त्याचे कारण.

तिसरा दिवस

हा सर्वांत अवघड. मांड्यांच्या आतले स्नायू, ज्यांचा पत्ता मुलीला आजवर नव्हता, ते दुखू लागतात आणि जिना उतरताना रडू येते. गरम पाण्याने शेक आणि हलके ताण पुरतात. पूर्ण विश्रांती घेतल्यास अंग अधिक आखडते. त्यातच घरची आठवण याच सुमारास अनावर होते. फोनवर ‘पडली नाहीस ना?’ असे विचारू नये. घोड्याचे नाव काय, त्याला कुठे खाजवलेले आवडते, हे विचारावे. बोलण्याची गाडी आपोआप रुळावर येते. मुलीच्या वाट्याला आलेला घोडा म्हातारा किंवा बुटका आहे, अशी तक्रार आली तर मनातून आनंद मानावा. पंधरा-सोळा वर्षांची, सगळे पाहून झालेली घोडी नवशिक्या मुलीसाठी शर्यतीतून निवृत्त झालेल्या उमद्या घोड्यापेक्षा दसपट चांगली.

पाण्याकडेही याच दिवशी दुर्लक्ष होते. घोडा दिवसाकाठी पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. मुली त्याच्या बादल्या हौसेने भरतात आणि स्वतः मात्र पीत नाहीत. घोड्याची बादली भरली की आपली बाटली संपवायची, असा नियम आम्ही घालून दिला आहे.

पडायचे कसे, हेही आता शिकवतात. आधी उभ्या घोड्यावर: दोन्ही पाय रिकिबींतून काढायचे, पुढे वाकायचे, हात मानेशी टेकवून बाजूला उडी घ्यायची आणि गुडघे वाकवून उतरायचे. खरोखर पडल्यास लगेच उठवू नये. कुठे दुखते ते विचारून मगच हलवावे. डोके आपटले असेल, तर हेल्मेट असूनही त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नये, आणि उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पडल्या पडल्या पुन्हा चढवले नाही तर भीती कायमची बसते, हा समज जुना आहे, पण रडणाऱ्या मुलीला खोगिरात उचलून ठेवल्याने भीती गेल्याचे मी पाहिलेले नाही. तिने त्याच घोड्याला दोर धरून तबेल्यापर्यंत नेले, तरी त्या दिवसापुरते पुष्कळ झाले.

चौथ्या संध्याकाळी बहुतेक शिबिरे पालकांना भेटीला बोलावतात. त्या वेळी कुंपणाबाहेर उभे राहावे, छत्री उघडू नये, प्लास्टिकची पिशवी फडफडू देऊ नये आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. मुलगी समोरून जाताना हाक मारण्याचा मोह होतोच. पण ती उतरून, रिकिबी वर सरकवून, लगाम मामांच्या हाती देईपर्यंत गप्प राहावे.