रात्री अकराला दारात आलेलं मूल : आधीच करून ठेवायची तयारी

डोंबिवलीत पाळणाघर चालवताना हे वर्षातून एक-दोनदा होतंच. रात्री दार वाजतं. शेजारच्या इमारतीतली बाई उभी असते. नवऱ्याला अपघात झालाय, रिक्षा खाली थांबलीय आणि कडेवर दीड वर्षाचं पोर. "ताई, सकाळपर्यंत ठेवाल का?" त्या सकाळचे पुढे पाच दिवस होतात. अशा वेळी शोधाशोध करायला उसंत नसते, म्हणून ही तयारी आधी करून ठेवायची. पाळणाघरवालीनेच नव्हे, अडीनडीला आळी ज्या घराचं दार वाजवते त्या प्रत्येक घराने.

दाराजवळ एक वही आणि पेन कायमचं टांगून ठेवा. आई निघण्याआधीची दोन मिनिटं या वहीची. मुलाचं वय, वजन, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, कुठलं औषध चालू आहे, शेवटचं कधी आणि काय खाल्लं, कुठल्या इस्पितळात चाललात, आणि फोन लागला नाही तर दुसरा कोणाचा लावायचा. मग आईच्या हाताने एक ओळ : मूल मी अमुक यांच्याकडे ठेवलं आहे, न्यायला मी किंवा फलाणी व्यक्ती येईल, गरज पडली तर डॉक्टरांना दाखवावं. खाली सही आणि वेळ. गळ्यातली चेन, हातातले वाळे काढून तिच्याच हातात द्या. माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसींची नोंद असलेलं कार्ड, सापडलं तर उत्तम; नाही तर कोणीतरी त्याचा फोटो पाठवेल.

या सगळ्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते मुलाचं बोलणं विचारून घेणं. पाण्याला काय म्हणतो? 'मम्म' म्हणजे भात की दूध? शूला काय? झोपताना थोपटायचं पाठीवर की कपाळावरून हात फिरवायचा? आमच्याकडे आलेली एक मुलगी अर्धी रात्र 'टिटी, टिटी' म्हणत रडत होती. दूध दिलं, खुळखुळा दिला, गॅलरीत नेऊन चिमण्यांची झाडं दाखवली. सकाळी मावशी आली तेव्हा कळलं, टिटी म्हणजे तिची पिवळी उशी. त्या रात्रीनंतर हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आणि आईकडून एक कपडा मागून घ्यायचा, अंगावरची ओढणी, गाऊन, काहीही, पण न धुतलेला. तो वास उशाशी असला की मूल झोपतं.

घरात काय असावं, तर दोन-तीन मापांचे सुती कपडे, लंगोट, डायपर, रबरी शीट, मऊ चादरी, रात्रीचा मंद दिवा. वर्षाच्या आतल्या बाळासाठी वाटी-चमचा उकळून ठेवा. बाटली नीट साफ होत नाही. आईचं दूध काढून आणता आलं तर तेच द्यायचं. नाही तर डॉक्टरांना विचारून डब्याची पावडर, डब्यावरच्या मापानेच. उरलेलं दूध पुन्हा पाजायचं नाही. वर्षाच्या आत मध चाटवू नका, कोणी कितीही सांगो. बाळाला पाठीवर झोपवा, आजूबाजूला उशा नकोत, इतक्या लहान बाळाजवळ आईचा तो कपडाही नको. जुलाबासाठी ओआरएसचं (मीठ-साखरेच्या पावडरीचं) मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं आणि २४ तासांत संपवायचं किंवा फेकायचं. तापाचं औषध वजनावर ठरतं, शिवाय थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून डॉक्टरांना फोन केल्याशिवाय देऊ नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर फोनही नको, सरळ इस्पितळ. शेंगदाणे, चणे, अख्खी द्राक्षं वरच्या फळीवर ठेवा.

फ्रीजवर नंबर मोठ्या अक्षरांत लावा : मुलांसाठी १०९८, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, महिलांसाठी १८१. मारहाणीमुळे घर सोडून निघालेली आई असेल तर सखी केंद्राची, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राची, माहिती हाताशी ठेवा; तिथे तिला मुलांसह काही दिवस राहता येतं. मुलाच्या ताब्याबाबत कोर्टाचा आदेश आहे का, हे तिला हळूच विचारा आणि असल्यास प्रत घ्या. दारू पिऊन कोणी दारात आलं तर वाद घालू नका, दार बंद ठेवा आणि ११२ लावा. आई-वडिलांचा पत्ताच लागेनासा झाला, तर मूल घरी ठेवून वाट बघत बसायचं नाही. कायद्याने २४ तासांच्या आत कळवावं लागतं, १०९८ लावला की बालकल्याण समितीपर्यंत, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीपर्यंत, पोचता येतं. आजारपण लांबलं तर त्या घराला बालसंगोपन योजनेबद्दल, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल, सांगा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज होतो.

तुमच्याही घरात दुसरं माणूस तयार हवं. तीन रात्री एकटीने जागून चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या लेकरावर आवाज चढतो. माझा चढलाय. आता शेजारच्या काकू दुपारी दोन तास येतात, मी झोपते.

मुलाला खरं सांगायची तयारी मनातल्या मनात करून ठेवा. "आई आत्ता येते" म्हणू नका, दर वेळी दार वाजलं की ते धावतं. "बाबांना लागलंय, आई त्यांच्याजवळ आहे, तू माझ्याकडे जेवणार आणि झोपणार, संध्याकाळी आईचा फोन येणार." आणि फोन खरंच त्याच वेळी लावा. "रडलास तर आई येणार नाही", हे घरातल्या कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. मुलाचा फोटो स्टेटसला ठेवू नका, त्या घरात काय झालं हे जिन्यात कोणी विचारलं तरी सांगू नका.

परत न्यायला आई आली की मूल कधी कधी तिच्याकडे जातच नाही, तोंड फिरवतं, आपल्याला बिलगतं. ती बिचारी आधीच खचलेली असते. "दोन-तीन दिवस असं होतं, हे रागावणं तुमच्यावरच्या मायेचंच आहे", एवढं तिला दारातच सांगा, आणि जेवण-झोप लिहिलेली वहीची पानं फाडून द्या. शक्य असेल तर मूल झोपलेलं असताना सोपवू नका. जागं असू दे, आपल्याला टाटा करू दे, आईच्या कडेवरून जिना उतरताना त्याला बघू दे.