हिंदी महासागराच्या तळाचं मॉडेल: इंदूरच्या शालेय प्रदर्शनासाठी

आधी प्रमाण ठरवा: उभं 1 सेंमी म्हणजे 1000 मीटर. 1 सेंमी जाडीच्या थर्माकोलच्या आठ शीट (60 बाय 45 सेंमी) खजुरी बाजारात घ्या. एक थर, एक किलोमीटर.

भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मिलिमीटर खाली, म्हणजे पुठ्ठ्याएवढाच. तिथे मुलं हमखास खोल खड्डा खणतात! पुढे उतार, मग 4-5 सेंमी खोलीवर सपाट मैदान. त्यातून कार्ल्सबर्ग ही समुद्राखालची पर्वतरांग दोनेक सेंमी वर उठवा. जावाजवळची गर्ता (समुद्रतळातली लांब घळ) सव्वासात सेंमी खोल, अरुंद आणि बेटांना खेटून. ती मधोमध काढली की मॉडेल चुकलंच. आडवी अंतरं उभ्यापेक्षा खूप जास्त लहान केलेली असल्याने उतार खरा आहे त्यापेक्षा फार उभा दिसतो, हे पाटीवर लिहा.

थर फेव्हिकॉलनेच चिकटवा. रबर सोल्यूशन किंवा स्प्रे पेंट लागला की थर्माकोल विरघळतं. वरून कागदाच्या लगद्याचा 3 मिलिमीटर थर. जाड लावला तर आत ओला राहून भेगा पडतात, पावसाळ्यात बुरशीही. दोन दिवस वाळवून पोस्टर कलर द्या.

काठावर इंदूरची टाचणी खोचा: समुद्रसपाटीपासून 550 मीटर, म्हणजे फक्त अर्धा सेंमी वर.