टीव्हीच्या जुन्या शोकेसमध्ये वाकळांसाठी दोन ड्रॉवर

टीव्ही भिंतीवर गेला, शोकेस जागेवरच राहिलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत मधला मोठा कप्पा आता लाइट बिलं, जुनी वर्तमानपत्रं आणि बंद पडलेले रिमोट सांभाळतो. या कप्प्याचा खरा गुण म्हणजे त्याची खोली. 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही मागे जवळजवळ 20 इंच जायचा, म्हणून शोकेसही 22 ते 24 इंच खोल केलेलं असतं. पुस्तकाला 10 इंच पुरतात, मागचा सगळा अंधार वाया. पण घडी घातलेल्या वाकळा, रजया, जादा उशा यांना एवढीच खोली लागते.

नुसती एक फळी मारून भागत नाही. मागची वाकळ काढायची तर पुढचं सगळं उपसावं लागतं, आणि पावसाळ्यात मागचा थर तसाच राहून कुबट होतो. म्हणून ड्रॉवर. हाच कप्पा लिहायचं टेबल म्हणून वापरायचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. टीव्हीची फळी जमिनीपासून 18 ते 24 इंचांवर असते आणि खुर्चीत बसून लिहायला टेबल 29-30 इंच उंच लागतं. शिवाय खाली बंद कप्पे, म्हणजे गुडघे ठेवायचे कुठे?

आधी लाकूड ओळखा

शोकेस भिंतीपासून ओढून पाठीमागे जा. फळीला किंवा बाजूला वायरसाठी पाडलेलं भोक असतं, त्याची कड बॅटरीच्या उजेडात बघा. आडवे थर दिसले तर प्लाय. थर नाहीत आणि रेषा सलग आत गेल्या आहेत तर अखंड लाकूड, जुन्या कामात बहुधा सागवान. बिस्किटासारखा भुसा दिसला तर भुसा बोर्ड, म्हणजे पार्टिकल बोर्ड. पहिल्या दोन्हींत बिनधास्त काम करा. भुसा बोर्डात चॅनेलचा, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्टीचा, स्क्रू थेट धरत नाही, भरलेला ड्रॉवर चार-सहा महिने ओढला की भोक मोठं होऊन स्क्रू हातात येतो. तिथे कप्प्याच्या दोन्ही बाजूंना आतून 12 मिमी प्लायची 4 इंच रुंद पट्टी गोंद लावून, बाहेरून आत येणारे नट-बोल्ट टाकून बसवा आणि चॅनेल त्या पट्टीवर मारा. कप्प्याची रुंदी इंचभर कमी होईल, ती पुढच्या हिशेबात धरा. फरशी पुसताना पाणी पिऊन पाय फुगलेलं भुसा बोर्ड मात्र परत बसत नाही. त्यावर पैसे घालू नका.

मग वाळवी आणि भुंगा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, आणि ती शोकेसमध्ये नसून भिंतीतून किंवा फरशीच्या फटीतून येते. भिंतीचा बंदोबस्त न करता नुसतं लाकूड औषधानं भिजवलं तर वर्षभरात परत तेच. टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा. लाकडासाठी तयार मिळणारं औषध सिरिंजनं भोकाभोकांत सोडा, आठ दिवसांनी पुन्हा सोडा, मग भोकं मेणानं बुजवा. बुजवल्यावर महिन्याभरात नवी भुकटी दिसली तर आत अजून जिवंत आहे. रॉकेल लावायची जुनी सवय सोडून द्या, ते उडून जातं आणि वास तेवढा वाकळांना राहतो.

शोकेसमध्ये जुना टीव्ही अजून असेल तर तो न उघडता, न फोडता बाहेर काढा. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, काचेत शिसं असतं, आणि बंद टीव्हीतही ट्यूबवर उच्च दाबाची वीज साठून राहिलेली असू शकते. आतल्या तांब्यासाठी ट्यूब फोडणाऱ्या भंगारवाल्यापेक्षा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

मोजमाप

इथे सगळे आकडे एका नमुन्यावर दिले आहेत. कप्पा आतून 30 इंच रुंद (762 मिमी), 24 इंच उंच, 22 इंच खोल. तुमचा कप्पा वेगळा असेल तर आकडे बदलतील, वजाबाकी तीच राहील. रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. वर, मध्ये, खाली, आणि पुढे तसंच मागे, अशी सहा मापं घ्या आणि सर्वांत लहान धरा. जुनं शोकेस वर्षानुवर्षं वजन सोसून एका अंगाला कललेलं असतं. कप्प्याचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजा, 2 सुतांपेक्षा, म्हणजे पाव इंचापेक्षा, जास्त फरक निघाला तर ड्रॉवर करण्याआधी पाठ नीट करावी लागेल.

पाठ म्हणजे बहुधा 3 मिमीचा हार्डबोर्ड, टीव्हीच्या उष्णतेसाठी भोकं पाडलेला. शोकेस ताठ उभं राहतं ते याच पातळ पाठीमुळे. ती काढल्याबरोबर सगळा सांगाडा पतंगासारखा तिरका होतो, म्हणून काढायच्या आधी पुढच्या बाजूला एक तिरपी पट्टी दोन मोळ्यांनी तात्पुरती ठोकून ठेवा. गुण्या लावून कोपरे काटकोनात आणा आणि 6 मिमी प्लायची नवी पाठ दर 4 इंचांवर स्क्रू मारून बसवा. तिला वर एक आणि खाली एक अशा ओळींत इंची भोकं पाडा, प्रत्येक ओळीत सहा. आतून बारीक लोखंडी जाळी लावा. नायलॉनची जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. ही भोकं गाळू नका, कापडाला हवा लागते आणि पावसाळ्यात जास्तच लागते.

आता ड्रॉवरची पेटी. टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे 4 सूत जागा खाते. दोन्ही मिळून इंचभर, त्यात थोडी सूट धरून 26 मिमी. 762 वजा 26, पेटीची बाहेरची रुंदी 736 मिमी. 3 मिमी जास्त झाली तर ड्रॉवर आतच जाणार नाही, कमी झाली तर पातळ पत्र्याची चकती चॅनेलखाली घालून भागवता येतं. म्हणून चुकायचंच असेल तर लहान बाजूला चुका. खानापूर, कणकुंबी, जोयडा पट्ट्यात हे जास्त जपा. तिकडे आषाढात प्लायही थोडा फुगतो आणि वैशाखात सुरेख चालणारा ड्रॉवर नेमका वाकळ हवी असते तेव्हा अडतो.

चॅनेल 20 इंची न घेता 18 इंची घ्या. कारण साधं आहे. 12 मिमी प्लायचा 4 फूट बाय 4 फूट तुकडा म्हणजे 48 इंच. त्यातून 10 इंच रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीतून पेटीचा एक आडवा तुकडा (736 वजा दोन बाजूंचे 24, म्हणजे 712 मिमी, 28 इंच) आणि एक बाजू काढायची. बाजू 20 इंच धरली तर 28 अधिक 20 बरोबर 48, करवतीच्या पात्यानं खाल्लेली जाडी कुठून आणणार? एक तुकडा उणा पडतो आणि त्यासाठी दुसरी शीट फुटते. 18 इंच धरली तर चार पट्ट्यांत दोन्ही ड्रॉवरच्या चारही बाजू आणि चारही आडवे तुकडे बसतात. मागे 4 इंच मोकळे राहतात, तेही हवेसाठी बरेच.

तळाला 9 मिमी प्लाय घ्या, 734 बाय 457 मिमीचे दोन तुकडे. 6 मिमी चालेल असं दुकानदार सांगेल, पण चार वाकळांच्या वजनानं 29 इंचांत तो मध्ये लोंबतो आणि खालच्या ड्रॉवरवर घासतो. तळ मुद्दाम पेटीपेक्षा 2 मिमी कमी आहे, नाहीतर त्याची कड चॅनेलला घासून काळी भुकटी पडते. दर्शनी फळ्या 18 मिमी जाड, 31 इंच रुंद, 12 इंच 3 सूत उंच, दोन नग. त्या कप्प्याच्या कडांवर दोन्ही बाजूंना 4-4 सूत चढतात, त्यामुळे कप्पा थोडा वाकडा असला तरी दिसत नाही. दोन फळ्यांमध्ये 1 सुताची फट.

साध्या कमर्शियल प्लायऐवजी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्यावा असं आमचं मत आहे, निदान पावसाच्या गावांत. अथणी, चिकोडीकडे कमर्शियलनं भागेल.

जोडणी

बाजू आणि आडवे तुकडे फेव्हिकॉल लावून सव्वा इंची स्क्रूनं जोडा. 12 मिमी प्लायच्या कडेत आधी 2 मिमीचं भोक पाडलंच पाहिजे. तसाच स्क्रू दाबला की थर सुटून कड फुगते आणि सांधा कायमचा कच्चा राहतो. एका कोपऱ्याला तीन स्क्रू पुरतात. गोंद ओला असतानाच कर्ण मोजा. 736 बाय 457 च्या पेटीचे दोन्ही कर्ण 866 मिमी यायला हवेत. फरक असेल तर लांब कर्णावर शिकंजा लावून दाबा, तळ लगेच बसवा आणि दर 4 इंचांवर खालून स्क्रू मारा. तळच पेटीला काटकोनात धरून ठेवतो. इथे मोळे ठोकू नका. वजन खाली ओढतं आणि मोळा त्याच दिशेनं सरळ सुटून येतो.

चॅनेलसोबत पिशवीत बहुधा 16 मिमीचे स्क्रू येतात. शोकेसच्या जाड बाजूत ते मारा. पेटीच्या 12 मिमी बाजूत तेच मारले तर टोक 3 मिमी आत निघतं. पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. पुढे कधीतरी वाकळ ओढली की तिचे टाके उसवत येतात, आणि आईनं हातानं घातलेले टाके कोण परत घालून देणार? पेटीसाठी 12 मिमीचे वेगळे विकत घ्या.

खालची चॅनेल बसवताना 2 इंच उंच लाकडी ठोकळा कप्प्याच्या तळावर ठेवून त्याच्यावर टेकवा. दोन्ही बाजूंना तोच ठोकळा वापरला की पातळी आपोआप एक येते. वरच्या ड्रॉवरसाठी 14 इंचांची फळी उभी करून तिच्यावर टेकवा. चॅनेलचं तोंड कप्प्याच्या पुढच्या कडेपासून 1 सूत आत. आधी फक्त लांबट भोकांत स्क्रू मारा, ड्रॉवर चालवून बघा, वर-खाली सरकवून जुळवा, मगच गोल भोकांत पक्के करा. ड्रॉवर शेवटचे दोन इंच परत पुढे येत असेल तर कप्पा मागे अरुंद आहे. मागच्या बाजूला चॅनेलखालचं लाकूड रंध्यानं किंचित उतरवा.

दर्शनी फळी दुहेरी चिकटपट्टीनं जागेवर लावून आतून 25 मिमीचे चार स्क्रू मारा. मूठ एकच लावा, बरोबर मध्यावर, किंवा लांब आडवी. ड्रॉवर खोलीपेक्षा रुंदीला मोठा असल्यामुळे एका कोपऱ्याची मूठ ओढली की तो तिरका होऊन अडकतो.

दोन्ही भरलेले ड्रॉवर एकदम बाहेर ओढले तर शोकेस पुढे झुकतं. घरात लहान मूल असेल तर ते ड्रॉवर धरून चढणारच. वरच्या बाजूला दोन लोखंडी एल पट्ट्या लावून भिंतीला धरा. जांभ्याच्या जुन्या भिंतीत प्लास्टिकची गट्टी नुसत्या गिलाव्यात बसवू नका. गिलावा ओलांडून चिऱ्यात निदान 2 इंच गेली पाहिजे. शोकेस आणि भिंत यांत दोन बोटं अंतर ठेवा, कारण जांभा पाणी शोषतो आणि ती ओल थेट पाठीला लागते. त्या अंतरात एल पट्टीखाली लाकडी ठोकळा भरा.

पॉलिश की सनमायका

सागवान असेल तर जुनं पॉलिश काचेच्या तुकड्यानं खरवडा, हातात जाड मोजे घालून. मग 80, 120, 220 नंबरच्या पॉलिश कागदानं रेषेच्या दिशेनंच घासा. आडवं घासलेले ओरखडे चपडा लाखेचं पॉलिश चढलं की चांदीच्या तारेसारखे चमकतात, तेव्हा मागे फिरता येत नाही. दिवाळी ते होळी हा पॉलिशचा हंगाम. पावसाळी हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश पांढुरकं पडतं.

जुन्या सनमायकावर नवा लावायचा असेल तर जुना 80 नंबरनं खरबरीत करा आणि दोन्ही बाजूंना रबर सोल्यूशन लावून, 10-15 मिनिटं सुकू देऊन चिकटवा. पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही. त्यातलं पाणी लाकडात मुरून सुकतं, दोन सनमायकांच्या मध्ये ते कुठेच जात नाही, महिन्यानंही आत ओलंच राहतं आणि कडा उचकटतात.

सरकत्या शटरची लाकडी पेटी

टीव्हीच स्वतः ज्या पेटीत बसलेला असायचा, लाकडी पट्ट्यांचं शटर बाजूला सरकणारी, ती ड्रॉवरसाठी लहान पडते. तिचं देवघर चांगलं होतं, फक्त समईची ज्योत आणि वरची फळी यांत फूटभर अंतर हवं आणि वरच्या फळीला आतून पत्रा. शटर अडकत असेल तर दोष बहुधा पट्ट्यांमागच्या कापडात असतो, ते कुजलेलं असतं. पाठ उघडून शटर बाहेर घ्या, पालथं ठेवून कोमट पाण्याच्या फडक्यानं जुना सरस सैल करून कापड सोलून काढा. पट्ट्या एक दिवस वाळवून, एकमेकींना नुसत्या खेटून ठेवून, त्यावर जाड मांजरपाट फेव्हिकॉलनं बसवा. वर-खाली अर्धा-अर्धा इंच कोरा सोडा, कारण तेवढा भाग खाचेत जातो आणि कापडासकट तिथे मावत नाही. खाचेत मेणबत्ती घासा. तेल घालू नका, धूळ धरून तीच खाच पुन्हा जाम होते.

पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठ दिवस, ड्रॉवर उघडे ठेवा. वाकळा कडक उन्हातून काढून गार झाल्यावरच घडी करून आत ठेवा. सोबत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा. डांबर गोळ्या ठेवल्याच तर कागदात गुंडाळून, पॉलिशला टेकणार नाहीत अशा.