अरैमंडी शिकताना गुडघे कसे सांभाळावेत

मोठ्या वयात भरतनाट्यम शिकायला येणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ताई, गुडघे जातील का हो?" मीही नोकरी सांभाळून तिशीत शिकायला लागले आणि आता पुण्यात आमच्या गुरूंच्या नवशिक्या बॅचला मदत करते. माझं उत्तर असं, की अरैमंडीला, म्हणजे पावलं बाहेर वळवून गुडघे वाकवून अर्धं बसण्याच्या भरतनाट्यमच्या मूळ स्थितीला, घाबरू नका, पण पावलं किती उघडायची (बाहेर वळवायची) हे शेजारणीकडे बघून ठरवू नका.

गुडघा मुख्यतः वाकतो आणि सरळ होतो. वाकलेला असताना थोडासा फिरतोही, पण तेवढंच. मांडी बाहेर वळते ती खुब्यातून. कुणाची किती वळेल हे खुब्याची खोबण आणि मांडीच्या हाडाची मान यांच्या ठेवणीवरही ठरतं. सरावाने स्नायू मोकळे होतात, ताकद येते; मोठ्या वयात हाडाची ठेवण मात्र बदलत नाही. खुबा जितका वळतो त्याहून जास्त पावलं उघडून बसलात, तर उरलेला पीळ गुडघ्याला आणि घोट्याला सोसावा लागतो.

आपला खुबा किती वळतो याचा अंदाज घरी घेता येतो. पालथं झोपा, एक गुडघा काटकोनात वाकवा आणि पोटरी दुसऱ्या पायाच्या बाजूला सावकाश झुकू द्या. पाऊल आत येतं, पण खुब्यात मांडी बाहेरच वळत असते. कंबर उचलायला लागली की थांबा. दोन्ही बाजू सारख्या नसतील, तर त्यातही नवल नाही.

मग आरशासमोर उभं राहा. दोन्ही गुडघ्यांच्या वाटीवर मधोमध एकेक टिकली लावा. (साधी मरून चालते, खड्याची नको.) पावलं उघडा आणि हळूहळू खाली बसा. टिकली पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहिली तर ठीक. ती अंगठ्याच्या आत सरकली, किंवा तळव्याची कमान जमिनीला टेकली, तर पावलं थोडी मिटा आणि पुन्हा बसा. टिकली जिथे सरळ राहील ती तुमची आजची अरैमंडी. टाचा जोडायच्या की अंतर ठेवायचं, हे बाणीनुसार, म्हणजे नृत्याच्या परंपरेनुसार, बदलतं. ते गुरू सांगतील तसं.

खरी परीक्षा तट्टडवूत होते, म्हणजे पाय आपटण्याच्या पहिल्या अडवूत (अडवू म्हणजे नाचाचं मूळ पाऊल). "तै या तै" म्हणत एक पाय उचलून आपटायचा, आणि सगळ्यांचं लक्ष त्याच पायाकडे. मी मात्र टेकलेल्या पायाकडे बघते. सगळा भार त्याच्यावर येतो आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू दमले की तोच गुडघा आत पडतो. तिसऱ्या काळात, म्हणजे सगळ्यात जलद लयीत, तर हमखास. अशा वेळी दुसऱ्या काळावर परत या, लाज कसली? घरी कुशीवर झोपून गुडघा उघडण्याचा व्यायाम आणि एका पायावर उभं राहण्याचा सराव नियमित करा. मुळुमंडीची, म्हणजे पूर्ण खाली बसण्याची, घाई अजिबात नको. खोल बसताना वाटीमागचा दाब चांगलाच वाढतो.

कथकवाल्यांची अडचण निराळी. तिथे उभं राहायचं सरळ, म्हणून काहीजणी गुडघे मागे ताणून कुलूप लावल्यासारखे घट्ट करतात आणि तसाच तत्कार (पायाचे बोल) करतात. गुडघा सरळ असावा, पण मागे रेटलेला नको.

जमिनीचंही बघा. काँक्रीटवरच्या लादीपेक्षा लाकडी तक्तपोशी बरी, पण ती सगळीकडे कुठून मिळणार? योगाची चटई मात्र अडवूंना नको. तळवा तिला चिकटतो, अंग वळतं आणि पीळ पुन्हा गुडघ्यात.

वर्गात "अजून बस" ऐकू आलं की नवीन मुली पावलं आणखी उघडतात. त्याऐवजी सरळ विचारा, "ताई, पावलं थोडी मिटून खाली बसू का?" चांगल्या गुरूंना हा प्रश्न उद्धट वाटत नाही.

सुरुवातीला मांड्या भरून येणारच, ती काळजी नको. पण गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला किंवा जिना उतरताना वाटीमागे दुखत राहिलं, तर नाच थांबवून फिजिओथेरपिस्टना किंवा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तिथे टेबलावर झोपून तपासून घेतलंत, तरी उठून त्यांना तुमची अरैमंडी जमेल तेवढी दाखवा. नुसतं "डान्स करते" म्हटलं, तर त्यांच्या डोळ्यांसमोर गणपतीची मिरवणूक यायची.