ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर काम सुरू करताय? आधी लोहाकडे बघा

जिवाणू ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसपासून, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या पेरॉक्साइड, सुपरऑक्साइडसारख्या घातक रेणूंच्या माऱ्यापासून, कसे वाचतात हे शिकायला आलेले विद्यार्थी बहुधा एन्झाइम्सची यादी पाठ करून येतात. माझा सल्ला वेगळा आहे: लोहापासून सुरुवात करा.

हायड्रोजन पेरॉक्साइड एकटं डीएनएला फारसं काही करत नाही. पेशीतल्या मोकळ्या फेरस लोहाशी त्याची गाठ पडली की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि ते जन्मल्या जागीच समोर येईल त्यावर तुटून पडतं. त्याला निकामी करणारं एन्झाइम जिवाणूंकडे नाही. त्यामुळे बचाव आधीच करावा लागतो. पेरॉक्साइड साठू द्यायचं नाही, लोह मोकळं सोडायचं नाही. सुपरऑक्साइड घातक ठरतं त्याचं एक कारणही हेच: ते काही एन्झाइम्समधले लोह-गंधक क्लस्टर मोडतं आणि त्यातलं लोह मोकळं होतं.

आता ई. कोलाय या जिवाणूमधला ऑक्सिआर हा नियामक (जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) पाहा. पेरॉक्साइडमुळे त्याच्या दोन सिस्टीनमध्ये (गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये) डायसल्फाइड बंध तयार होतो आणि तो कॅटलेज आणि एएचपी या पेरॉक्साइड नष्ट करणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं चालू करतो. शिवाय लोह साठवून ठेवणारं डीपीएस आणि लोहाची आवक रोखणारं फर यांचीही! लोह डोक्यात नसेल तर ही निवड विचित्रच वाटते.

‘केटजी हे कॅटलेज काढून टाकलं तरी पेशी मजेत वाढतायत, असं कसं?’ हा प्रश्न प्रत्येक बॅच विचारते. पेशीतच सतत तयार होणारं थोडंसं पेरॉक्साइड मुख्यतः एएचपी साफ करतं. कॅटलेजचा खरा उपयोग मात्रा वाढल्यावर. म्हणून मात्रा सांगितल्याशिवाय ‘हा म्यूटंट संवेदनशील आहे’ हे वाक्य अर्धवटच.

प्रयोगाचंही तसंच. दाट कल्चर मायक्रोमोलर पेरॉक्साइड काही मिनिटांत फस्त करतं, त्यामुळे एकाच मात्रेत पातळ कल्चर मरतं आणि दाट कल्चर तगून राहतं. पेशींची घनता नोंदवलीच पाहिजे. पेरॉक्साइडचा ३० टक्क्यांचा स्टॉक साधारण ९.८ मोलर असतो, पण बाटली जुनी झाली की लेबलवर विसंबू नका. २४० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचं शोषण मोजा. प्लेटिंगआधी (जिवंत पेशी मोजायला त्या प्लेटवर पसरण्याआधी) कॅटलेज घालून उरलेलं पेरॉक्साइड संपवा, नाहीतर प्लेटवरही मारणं चालूच राहतं. डीसीएफ या पेशीत हिरव्या चमकणाऱ्या डायची चमक म्हणजे पेरॉक्साइडचं मोजमाप नव्हे. तो डाय पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करत नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज एन्झाइम लागतं. सुंदर हिरवे फोटो पाहून मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही.

ई. कोलायचं चित्र सगळीकडे लावू नका. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत पेरआर हा नियामक पेरॉक्साइड ओळखतो तेच मुळी स्वतःला चिकटलेल्या लोहाच्या मदतीने. क्षयाच्या जिवाणूत ऑक्सिआरचं जनुक निकामी आहे, आणि त्याचं केटजीच आयसोनियाझिड या औषधाला सक्रिय करतं. केटजी बिघडलेले जिवाणू औषधातून सुटतात, पण एक ढाल गमावून. त्यांतल्या काहींत मग एएचपीसीचं (एएचपीच्या एका घटकाचं) उत्पादन वाढलेलं आढळतं.