अमेरिकेत लॉ स्कूलला निघालेल्या मुलींसाठी, न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सहून

पुण्यात पाच वर्षं कायदा शिकले, दोन वर्षं सीनियरांच्या फायली घेऊन शिवाजीनगर कोर्टाचे जिने चढले, आणि मग एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, न्यूयॉर्कला आले. इंग्रजी येत होतं, कायदाही येत होता. तरी पहिले दोन महिने वर्गात मान खाली घालून बसले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

आधी निघण्यापूर्वीचं काम. न्यूयॉर्कची बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या सनदेची परीक्षा, द्यायची तर तिथल्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून आपलं परदेशी शिक्षण तपासून घ्यावं लागतं. मार्कांचा दाखला विद्यापीठाने थेट बोर्डाला पाठवावा लागतो, आपल्या हातातली मार्कशीट चालत नाही. विद्यापीठाच्या खिडकीवर स्वतः उभं राहून हे उरका आणि मगच तिकीट काढा. इथून फोनवर ते होता होत नाही. एलएलएमचे किमान २४ क्रेडिट लागतात, त्यातही वकिलांची व्यावसायिक नीती, कायदेशीर लेखन असे काही विषय घ्यावेच लागतात. विषय निवडतानाच ती यादी समोर ठेवा.

वर्गात ‘कोल्ड कॉल’ असतो. प्राध्यापक अचानक नाव घेतात आणि कोर्टाच्या निकालपत्रावर प्रश्नामागून प्रश्न विचारतात. उत्तर चुकलं तर पुढचा प्रश्न येतो, एवढंच. मला मात्र ती चारचौघांत झालेली शोभा वाटायची. परीक्षेत कलमं पाठ म्हणून दाखवून भागत नाही. एक लांबलचक गोष्ट देतात, तिच्यात कायद्याचे प्रश्न कुठे दडलेत ते शोधायचं आणि दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करायचा.

हे मला शिकवलं माझ्या कोलंबियन रूममेटने. ती जेडीला, म्हणजे इथल्या मूळ कायद्याच्या पदवीला, होती. आई लोकांची घरं साफ करायची, घराण्यात वकील कोणी नाही. ती अरेपा करायची, म्हणजे मक्याच्या पिठाची जाडसर भाकरीच. ती दोन तळहातांत थापता थापता मला विचारायची, “काकाने पुतण्याला वचन दिलं, पुतण्याने त्या बदल्यात काय सोडलं?” मी ‘प्रतिफल’, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेलं किंवा सोडलेलं काही, समजावून सांगेपर्यंत तव्यावरची उलटायची वेळ व्हायची. तिच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांच्या संघटनेत सीनियर मुली आपल्या ‘आउटलाइन्स’, म्हणजे विषयाच्या गाळीव नोट्स, धाकट्यांना देत. मी लॅटिना नाही, तरी मलाही दिल्या. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना पहिल्यांदा तीच मला ओढत घेऊन गेली. सरांना कशाला त्रास द्यायचा, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. इथे ती वेळ आपल्यासाठीच राखलेली असते, आणि पुढे शिफारसपत्र कोण देईल तेही तिथेच ठरतं.

सोनिया सोतोमायोर २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथल्या पहिल्या लॅटिना न्यायमूर्ती. आईवडील पोर्तो रिकोचे, बालपण ब्राँक्समधलं. येलच्या लॉ स्कूलला शिकत असताना, १९७८ मध्ये, एका मोठ्या वकिली फर्मच्या वकिलाने त्यांना विचारलं, की तुम्ही पोर्तो रिकन नसता तर प्रवेश मिळाला असता का? त्यांनी रीतसर तक्रार केली आणि फर्मला माफी मागावी लागली. त्या वयात, नोकरी शोधत असताना, हे करायला केवढं धैर्य लागलं असेल!

माझ्या त्या कोलंबियन मैत्रिणीला सनद मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात एका कोर्टात कर्मचाऱ्याने सांगितलं, “दुभाषांनी तिकडे बसायचं.” तिने फाइल वकिलांच्या टेबलावर ठेवली, स्वतःचं नाव आणि अशिलाचं नाव खणखणीत आवाजात नोंदवलं. बाहेर आल्यावर तिचे हात थरथरत होते. तुमच्यावर असा प्रसंग आला तर तो मनात दाबू नका. त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा.

‘नागरिक नाही, मग वकिली कशी?’ असं नातेवाईक विचारतील. १९७३ मध्ये एका डच महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कनेक्टिकट राज्याची नागरिकत्वाची अट घटनाबाह्य ठरवली. फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशांकडच्या पगारी क्लर्कशिपला (त्यांच्या कायदेविषयक मदतनिसाच्या नोकरीला) मात्र नागरिकत्व आडवं येतं. तिथे अर्ज करण्याआधी नियम वाचा. खरी ओढाताण व्हिसाची. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, आणि इंजिनिअर मित्रांना मिळते ती वाढीव मुदत कायद्याच्या पदवीला मिळत नाही. बार परीक्षा जुलैअखेर, निकाल यायला ऑक्टोबर उजाडतो. म्हणून नोकरीचा शोध पहिल्या सेमिस्टरपासूनच सुरू करा.

न्यूयॉर्कच्या सनदेसाठी ५० तास मोफत कायदेशीर सेवाही द्यावी लागते. मी ते तास भाडेकरूंच्या प्रकरणांत भरले. ७४व्या रस्त्यावर आपला किराणा घेतला की दोन पावलांवर रूझवेल्ट अव्हेन्यू, तिथे सगळी स्पॅनिश. मोडकीतोडकी शिका. घर रिकामं करायची नोटीस हातात घेऊन आलेल्या एका आजींना मी फक्त “सिएंतेसे, सेन्योरा” म्हटलं, बसा बाई. त्या बसल्या, आणि पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.