मॅपची बाई मुकी झाली? या चुका टाळा

"काका, गुगल मॅप बोलत नाहीये, ॲप उडवून परत टाकू का?" महिन्यातून दोनदा तरी हा फोन येतो. नको रे बाबा! ॲपला काही झालेलं नसतं, आणि उतरवून ठेवलेले ऑफलाइन नकाशे मात्र त्यासोबत जातात. दोन मिनिटं शोधायचा धीर नाही, म्हणून सगळं पुसून मोकळं व्हायचं, ही हल्लीची रीतच झालीय.

बहुतेक वेळा घोळ गाडीच्या स्टिरिओवरच्या आवाजाच्या गोल बटणाचा असतो. अँड्रॉइड ऑटोवर, म्हणजे फोनचा मॅप आणि गाणी गाडीच्या स्क्रीनवर चालवणाऱ्या सोयीवर, गाण्यांचा आवाज वेगळा, रस्ता सांगणारीचा वेगळा, फोन कॉलचा वेगळा. बटण मात्र एकच. त्या क्षणी जे वाजत असेल, त्याचाच आवाज ते कमी-जास्त करतं.

हे मी अलिबागला जाताना शिकलो. पुण्याहून निघालो, शेजारी सासरेबुवा, नाट्यगीतं जोरात. खंडाळ्याच्या घाटात ऐन तानेत बाईंनी तोंड घातलं. "जावईबापू, हिला आधी गप्प करा," म्हणत त्यांनी स्वतःच बटण पार शून्यावर नेलं. बाई गप्प, तान पुन्हा तशीच जोरात, सासरे खूश. मी ट्रकांच्या रांगेत गुंतलेलो. खोपोलीचा एक्झिट कधी मागे पडला कळलंच नाही. एक्सप्रेसवेवर यू-टर्न नाही, मग थेट शेडुंगला उतरून पनवेलच्या गर्दीतून पेण. पेणला चहाला थांबून मी फोन बंद-चालू केला, सेटिंग्ज उलथीपालथी केली. सगळं जागच्या जागी, पण बाई मुकीच. शेवटी मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, वळण जवळ आलं की गाणं मध्येच दोन सेकंद दबतंय, बघा." बरोबर! ती बोलतच होती, शून्यावर. पुढच्या वेळी गाणं दबताच बटण फिरवलं आणि बाईंना वाचा फुटली.

तेव्हापासून सोसायटीच्या गेटबाहेर पडतानाच, गाणी लावायच्या आधी, ती पहिलं वाक्य बोलत असतानाच मी तिचा आवाज लावून घेतो.

जुन्या गाड्यांत दुसराच प्रकार. फोन ब्लूटूथला जोडलेला, स्टिरिओ एफएमवर. बाई बोलते ब्लूटूथवर, ऐकणार कोण? एक तर स्टिरिओ ब्लूटूथवर आणा, नाहीतर मॅपच्या नॅव्हिगेशन सेटिंगमधला 'ब्लूटूथवर आवाज' बंद करा, म्हणजे फोन स्वतःच्या स्पीकरवर बोलेल. मी दुसरा उपाय करतो, डॅशबोर्डवरच्या फोनचा आवाज मला पुरतो. कॉल गाडीत येतात पण बाकी काहीच वाजत नाही, असं असेल तर फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढे 'मीडिया ऑडिओ' बंद असेल, तो चालू करा.

वाक्याची सुरुवातच गिळली जाते? काही वाजत नसेल तर काही स्टिरिओ उशिरा जागे होतात आणि "दोनशे मीटरवर" हवेत विरून नुसतं "उजवीकडे वळा" ऐकू येतं. फोनवरून बारीक आवाजात गाणी चालू ठेवा.

मॅपमधल्या स्पीकरच्या चिन्हात तीन पर्याय आहेत. मधला फक्त ट्रॅफिक वगैरेचे इशारे देतो, वळणं सांगत नाही. घाईत बोट लागतं ते नेमकं तिथेच.

कॉल चालू असताना ती बोलावी की नाही, याचंही वेगळं सेटिंग आहे. माझं चालूच असतं. समोरचा माणूस दोन सेकंद थांबेल, एक्झिट थांबत नाही.